राजा हंसकेतूची आमरी

एका राज्यात डोंगर उंच होते, रानं दाट होती आणि राजा मोठा हौशी होता. राजाचं नाव हंसकेतू. त्याला हौस होती आमरीची. आमरी म्हणजे झाडाच्या फांदीवर बसून, मातीवाचून वाढणारं, वाऱ्यात मुळं सोडणारं फुलांचं रोप. हल्ली लोक तिला ऑर्किड म्हणतात. त्या राज्यात तिला आमरीच म्हणत.

शिकारीला गेला असता राजाने एका फांदीवर पांढऱ्या फुलांचा घोस पाहिला आणि त्याचं मन शिकारीतून उडालं. त्याने आज्ञा केली, "राज्यात जेवढी आमरी आहे, तेवढी राजवाड्यात आणा." शिपाई रानात गेले. हात पोचला तिथे त्यांनी रोपं ओरबाडली. हात पोचला नाही तिथे फांद्या तोडल्या, आणि फांद्या उंच होत्या तिथे झाडंच आडवी केली. गाड्या भरभरून राजवाड्यात आल्या. चौक भरले, सज्जे भरले. मग रोपं वाळली, आणि गाड्या पुन्हा रानाकडे निघाल्या.

राणी इरावती एकदा म्हणाली, "महाराज, रोज सकाळी अंगणातून मेलेली रोपं झाडून काढतात. आपण कधी पाहिलीत?"

"रान मोठं आहे, इरा," राजा म्हणाला.

रानाच्या पोटात जटाई नावाची मांत्रिक म्हातारी राहत होती. वडाच्या पारंब्यांसारख्या तिच्या जटा जमिनीवर लोळत. ज्या झाडाखाली तिचं घर होतं, तेच झाड एके दिवशी शिपायांनी पाडलं. दुसऱ्या दिवशी जटाई भर दरबारात आली. पहारेकऱ्यांनी भाले आडवे धरले, तर भाल्यांना पालवी फुटली आणि ते लवून बाजूला झाले. म्हातारीने राजाच्या मांडीवर एक लहानसं रोप ठेवलं. बोटाएवढी खोडं, त्यांवर मोजकी पानं, खाली तुटकी मुळं.

"राजा, माझ्या झाडावरची ही शेवटची आमरी," ती म्हणाली. "तुझ्या राणीची ओळख मी हिच्या पानांत बांधली आहे. पान गळेल, तसं राणी एकेक माणूस विसरेल. तुझ्या घरात, तुझ्याच हाताने वाढून हिला फूल आलं, तर शाप सुटेल. दुसऱ्या कोणाचा हात लागला, तर रोप जळून जाईल."

"अपराध माझा आहे. राणीने काय केलं?" राजाने विचारलं.

"माझ्या झाडाने काय केलं होतं?" जटाई म्हणाली आणि आली तशी निघून गेली.

राजाने रोप आपल्या महालात नेलं. आयुष्यात त्याने कधी तुळशीला पाणी घातलं नव्हतं. त्याला वाटलं, राजाघरचं रोप राजाला शोभेल असंच ठेवलं पाहिजे. त्याने सोन्याची कुंडी आणवली, नदीकाठची काळीभोर माती स्वतःच्या हातांनी तीत दाबून भरली आणि आमरी गळ्यापर्यंत पुरली. सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी पाणी. काळजी वाटली की पाणी, आणि काळजी तर सारखीच वाटत होती.

एका सकाळी पहिलं पान पिवळं होऊन कुंडीच्या काठावर पडलं. त्या दिवशी वृद्ध प्रधानजी मुजऱ्याला आले, तेव्हा राणीने राजाकडे वळून हळूच विचारलं, "हे कोण गृहस्थ?" राजाने पाणी वाढवलं. आणखी एक पान पडलं. राणीच्या धाकट्या बहिणीची पालखी दारात आली, तर राणीने तिला परक्या पाहुणीसारखं पान-सुपारी देऊन बसवलं. बहीण खांबाला धरून रडली. राणीला तिची दया आली, पण ओळख आली नाही.

मग एके सकाळी राजा जागा झाला तेव्हा राणी पलंगापासून दूर, भिंतीला टेकून उभी होती. पदर तिने गळ्याभोवती घट्ट ओढून घेतला होता.

"आपण कोण?" तिने विचारलं. "आणि मी आपल्या महालात कशी?"

राजाने कुंडीकडे पाहिलं. तिसरं पान पडलेलं होतं.

तो तिला सगळं सांगत बसला. तिने शांतपणे ऐकून घेतलं. पण सांगितलेलं झोपेत पुसलं जाई आणि दुसऱ्या सकाळी ती पुन्हा भिंतीशी उभी असे. तेव्हा राजाने आपलं अंथरूण शेजारच्या दालनात हलवलं. पूर्वी तो तिला 'तू' म्हणे, तो आता 'आपण' म्हणू लागला. अनोळखी स्त्रीला आणखी काय म्हणायचं?

त्या राज्यात धनेश पक्षी बोलत असत, मात्र विचारलं तरच. असा एक म्हातारा धनेश, मोठ्या वाकड्या चोचीचा, राजवाड्याच्या कठड्यावर येऊन बसू लागला होता. त्याच्या ढोलीचं झाड शिपायांनी पाडलं होतं, म्हणून त्याला दुसरीकडे बसायला जागा नव्हती. राजाने हे रोज पाहिलं होतं आणि रोज दुर्लक्षलं होतं. आता त्याने हात जोडले.

"पक्षिराज, माझी आमरी का मरते आहे?"

"कुंडी उलटी कर," धनेश म्हणाला.

राजाने कुंडी उलटी केली. चिखलाचा गोळा बाहेर पडला आणि कुजकट वास सुटला. मुळं काळी पडून लिबलिबीत झाली होती.

"तू तिला पुरलंस, आणि वर बुडवलंस," धनेश म्हणाला. "तिची मुळं वारा पितात. तिला आधी नीट आसन दे. मग तिची तहान ओळखायला शीक. तिसरं काम मी वेळ आली की सांगेन."

"तिसरं अवघड आहे का?"

"तुला अवघड जाईल."

राजाने कुजलेली मुळं कापून टाकली. चार धडधाकट मुळं उरली. खोडावर आता एकच पान होतं, आणि राणीला जुन्यांपैकी कोणीच आठवत नव्हतं. रोप ओल्या फडक्यावर ठेवून तो पहिल्या कामाला निघाला. घोडा घेतला नाही, कारण धनेश म्हणाला होता की रानातली झाडं आता घोड्याच्या टापांना घाबरतात.

रानात ऐनाचं एक जुनं झाड होतं. त्याची साल सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली होती आणि त्याला वाचा होती. राजाने त्याच्याकडे सालीचा एक तुकडा मागितला.

"तोडून घे," ऐन म्हणालं. "इतकी वर्षं तसंच घेतलंस."

"आपण द्याल तर घेईन."

"मग आधी त्यांचं बघ." ऐनाने वाऱ्याशिवाय एक फांदी हलवली. जिकडे फांदी वळली, तिकडे रानभर तुटक्या फांद्यांच्या जखमा उघड्या होत्या. त्यांतून डिंक गळत होता, मुंग्या शिरत होत्या.

राजाने माती कालवली, शेण कालवलं आणि झाडाझाडाला लेप घालत हिंडू लागला. उंचावरच्या जखमांसाठी तो खोडावर चढला, घसरला, गुडघे फोडून घेतले, पुन्हा चढला. मावळतीला तो घरी परते. फडक्यावरच्या आमरीवर पाण्याचे चार थेंब शिंपडी, राणीला आपलं नाव सांगे आणि पहाटे पुन्हा निघे. प्रत्येक जखम मोजणं शक्य नव्हतं, तरी प्रत्येक जखम पाहावी लागली. पाहता पाहता हंसकेतूला कळलं की रान आपण समजत होतो तेवढं मोठं राहिलेलं नाही. बराच भाग नुसते बुंधे होते.

शेवटच्या झाडाला लेप घालून तो ऐनापाशी आला, तेव्हा सालीसकट एक जाड ढलपी आपोआप सुटून त्याच्या पायाशी पडली. 

राजाने आमरी त्या ढलपीवर बसवली, केळीच्या सोपटाच्या दोऱ्याने हलक्या हाताने बांधली आणि दुसऱ्या कामाला निघाला.

डोंगराच्या कड्याखाली कातळात कोरलेलं पाण्याचं टाकं होतं. त्या टाक्यात आसरा राहत होती. आसरा म्हणजे पाण्याची राखणदारीण. तिचे केस ओले, डोळे हिरवे आणि पाय कधीच कोणी पाहिलेले नव्हते. टाक्याभोवतीच्या कातळावर आमरीची रोपं चिकटली होती. शिपाई तिथवर पोचले नव्हते.

"पाणी हवं?" आसरा म्हणाली. "हे आभाळाचं पाणी आहे. विहिरीचा खार यात नाही. देईन, पण आधी या कातळावरल्या रोपांकडे बघ आणि सांग, कोणाला तहान लागली आहे?"

राजाने पाहिलं. त्याला सगळी रोपं सारखीच दिसली. त्याने एका सुरकुतलेल्या खोडाकडे बोट दाखवलं.

"ती तर आत्ताच पाणी प्यायली आहे. ती म्हातारी आहे, म्हणून सुरकुतली आहे," आसरा म्हणाली. "घरी जा."

राजा घरी गेला नाही. तो कातळावर बसून राहिला. ऊन चढलं, तसे कड्यावरून झिरपणारे थेंब कमी झाले. काहीतरी बदलत होतं, पण काय ते त्याच्या ध्यानात येईना. मग दुपारच्या सुमारास त्याला दिसलं. सकाळी जी मुळं हिरवी होती, ती एकेक करून पांढुरकी होत चालली होती, चांदीला राख लावावी तशी. कड्यावरचा एक थेंब त्यांतल्या एका मुळावर पडला आणि जिथे पडला तिथे मूळ पुन्हा हिरवं झालं.

"ही," राजा बोट दाखवत म्हणाला. "आणि ही. आणि ती कडेची. तिच्या शेजारणीला मात्र नको आहे, तिची मुळं अजून हिरवी आहेत."

आसरेने त्याची घागर भरून दिली. "मूळ पांढरं झालं की शिंपड. हिरवं असेल तर हात मागे घे. ही घागर रिकामी होणार नाही, तेव्हा संपेल म्हणून घाईने ओतू नकोस."

राजा परतला. आता आमरी त्याच्या दालनात पश्चिमेच्या भिंतीवर टांगलेली असे. तो सकाळी उठून आधी मुळं बघे, मग तोंड धुई. राज्याचा कारभार प्रधानजी पाहत होते आणि राजावाचून कोणाचं काही अडत नव्हतं.

काही काळाने जुन्या खोडाच्या बुडाशी हिरवा ठिपका दिसला. ठिपक्याचा कोंब झाला, कोंबाला पान फुटलं. त्या रात्री राजाने नेहमीसारखं नाव सांगितलं, आणि सकाळी राणी स्वतः त्याच्या दालनाच्या दारात आली.

"आपण ते रोपवाले गृहस्थ ना?" तिने विचारलं. "काल आपण नाव सांगितलंत. हंसकेतू."

 त्याने मान हलवली.

"आज रोप कसं आहे?"

त्या दिवसापासून राणी रोज येऊन बसू लागली. जुनं तिला काहीच आठवत नव्हतं, पण नवं पान फुटलं की नवं एक माणूस तिच्या मनात टिके. कधी जेवण वाढणारी दासी, कधी सज्ज्यातला धनेश. रोपाला ती हात लावत नसे, पण बघत मात्र असे, आणि तिची नजर राजाच्या नजरेहून तिखट होती.

"पानं फार गडद आहेत आणि सगळी एकाच बाजूला वाकली आहेत," ती एकदा म्हणाली. "तिला उजेड कमी पडतोय. तिकडे, पूर्वेच्या खिडकीत ठेवून बघा. सकाळचं कोवळं ऊन मिळेल."

राजाने ढलपी पूर्वेच्या खिडकीत टांगली. पानांचा रंग उजळला, खोड ताठ उभं राहिलं. दोघं खिडकीशी बसत. कधी एखादं नवं मूळ सालीच्या भेगेत शिरताना बघत, कधी नुसतीच बसत. राजाला आठवेना, की एवढी वर्षं संसार करताना आपण असं कधी बसलो होतो.

मग थंडी पडली. हवा कोरडी झाली. धनेश कठड्यावरून खिडकीत येऊन बसला.

"तिसरं काम," तो म्हणाला. "आता पाणी बंद कर."

"पूर्ण?"

"पूर्ण. हा तिचा झोपेचा काळ आहे. पानं पिवळी पडतील आणि गळतील. सगळी गळतील. तू काही करायचं नाहीस."

राजाचा चेहरा उतरला. "पक्षिराज, पानं गळली तर राणीजवळ काही उरणार नाही. फूल येईल याची खात्री आहे?"

"मी आमरीबद्दल जाणतो. ती उघड्या खोडावरच फुलते. राणीबद्दल मला काही माहीत नाही," धनेश म्हणाला आणि उडून गेला.

पहिलं पान पिवळं पडू लागलं, तसा राजा घागर घेऊन खिडकीशी आला. मुळं पांढरीफटक होती. राणी तिथेच बसली होती.

"धनेशाने नको म्हटलं होतं ना?" ती म्हणाली.

मग राजाने तिला सगळं सांगितलं. शाप सांगितला, पाडलेली झाडं सांगितली, ती कोण होती आणि तो कोण होता तेही सांगितलं. काही लपवलं नाही. 

"पाणी घातलं तर?" तिने विचारलं.

"पानं कदाचित राहतील. फूल येणार नाही."

"म्हणजे मी अशीच राहीन. आपल्याला ओळखेन. पण माझी म्हणून जी बहीण आहे म्हणता, तिला ओळखणार नाही."

"हो."

"मग घागर खाली ठेवा."

"आपण मला विसराल," राजा म्हणाला.

"पूर्वी एकदा विसरले होते, असं आपणच सांगितलंत. तेव्हा आपण काय केलंत?"

"रोज नाव सांगितलं."

"तसंच सांगा," राणी म्हणाली.

राजाने घागर खाली ठेवली.

पानं गळत गेली. दासीची ओळख गेली, धनेशाची गेली, आणि एका दुपारी राजाचीही गेली. शेवटचं पान पडलं तेव्हा राणीने आरशात पाहून तिथल्या बाईला नमस्कार केला. ढलपीवर आता नुसत्या सुरकुतलेल्या काड्या होत्या. प्रधानजींनी पाहिलं आणि मान खाली घातली. वैद्य येऊन गेले.

राजा रोज सकाळी राणीच्या दारात उभा राही. "मी हंसकेतू. मी हे रोप सांभाळतो. आपण इरावती." ती मान डोलवे. मग तो खिडकीशी जाऊन बसे आणि हात मांडीखाली दाबून ठेवी. घागर कोपऱ्यात भरलेली होती. सोन्याच्या कुंडीत पाणी ओतताना त्याला जितकं सोपं वाटलं होतं, तितकंच आता न ओतणं जड जात होतं. एकदा तर त्याने घागर उचललीही. सुरकुत्या इतक्या खोल गेल्या होत्या, की हात लागला तर काडी मोडेल. तो घागर धरून उभा राहिला, खांदे भरून आले, आणि त्याने ती पुन्हा कोपऱ्यात नेऊन ठेवली. त्या दिवशी तो जेवला नाही.

थंडी ओसरू लागली तेव्हा उघड्या खोडाच्या पेरांवर बारीक फुगवटे दिसले. पानं असतील, राजाला वाटलं. मुळं असतील. मोहरीएवढे होते ते गव्हाएवढे झाले, आणि त्यांची टोकं पांढरी दिसू लागली. राजाने कोणाला सांगितलं नाही. बोललं की जातील, अशी त्याला भीती वाटत होती.

एका सकाळी तो नाव सांगायला राणीच्या दारात गेला, तर ती तिथे नव्हती. ती खिडकीशी उभी होती. कोरड्या काडीवर, एकाही पानाशिवाय, पांढऱ्या फुलांचा घोस लागला होता. पाकळ्या पातळ, गळ्याशी किंचित पिवळी झाक. सकाळचं ऊन त्यांतून आरपार जात होतं.

"मी हंसकेतू," राजा सवयीने म्हणाला. "मी हे रोप सांभाळतो. आपण—"

"आपले हात किती खरखरीत झालेत," राणी म्हणाली. ती त्याच्या हातांकडे बघत होती. "आणि मला 'आपण' काय म्हणता? इरा म्हणायचात."

राजा होता तिथेच जमिनीवर बसला. राणी त्याच्याजवळ बसली. तिला जुनं सगळं आठवत होतं आणि नवंही. बहिणीला परक्यासारखी पान-सुपारी दिलेली आठवून ती आधी रडली. मग तिला रान आठवलं आणि तिने डोळे पुसले.

"आता रान किती उरलंय?" तिने विचारलं.

"फार नाही."

"मग जे आहे ते आपल्याला राखलं पाहिजे," ती म्हणाली. राजाने मान खाली घालून होकार दिला.

त्याच दिवशी जटाई आली. राजाने ढलपी खिडकीतून काढली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. "आई, ही आपली. घेऊन जा."

म्हातारीने नवी मुळं बघितली. ती ऐनाच्या सालीत खोल शिरली होती. "घ्यायलाच आले होते," ती म्हणाली. "पण हिने इथे पकड घेतली आहे. राहू दे. हिची शेंग पिकली की मला कळव."

शेंग पिकायला पुढची थंडी उजाडली. जटाईने ती तळहातावर फोडली. आतलं बी पिठाहून बारीक होतं. तिने मंत्र म्हणून फुंकर मारली, आणि ते बी धुरासारखं उठून रानाकडे गेलं, जखमा भरून आलेल्या फांद्याफांद्यांवर बसलं. राजाने दवंडी पिटवली, की झाडावरची आमरी कोणी उतरवायची नाही, ज्याला हौस असेल त्याने राजवाड्यात यावं. जो येई त्याला राणी आपल्या रोपाचा फुटवा वेगळा करून, लाकडावर बांधून देई. सोबत पाणी कधी द्यायचं ते सांगे, आणि कधी द्यायचं नाही ते दोनदा सांगे. काही वर्षांत त्या राज्यात खिडकी तिथे आमरी झाली. शेजारणी एकमेकींना फुलं दाखवायला बोलावू लागल्या. धनेशाला नवी ढोली मिळाली.

शाप सुटला होता. तरीही दर थंडीत आमरीची पानं पिवळी पडू लागली की हंसकेतूला चैन पडत नसे. तो घागर घेऊन खिडकीशी येई, रोपाकडे बघे, मग चोरून राणीकडे बघे. अशाच एका दुपारी शेवटचं पान टपकन खाली पडलं. राणी बहिणीच्या नातवाचं झबलं शिवत बसली होती. तिने सुईतून नजर वर केली नाही.

"मी इरावती, आपण हंसकेतू," ती म्हणाली. "आता ती घागर खाली ठेवा बघू."

राजाने घागर खाली ठेवली आणि तो तिच्याशेजारी येऊन बसला. त्यांच्या घरी जशी कोरड्या काडीवर फुलं आली, तशी वाट पाहणाऱ्या प्रत्येकाच्या घरी येवोत.